विमानातला उष्टा कप

मुंबईहून परत येऊन मला आठ दिवस झाले. या आठ दिवसांत अकोल्याच्या आमच्या शेतकी कचेरीत शिपायापासून हेडक्लार्कापर्यंत झाडून सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘विमानात खायाले काय देतात हो?’ समुद्र वरून कसा दिसतो, पोटात गोळा येतो का, ढगातून जाताना भीती वाटते का, हे कोणी विचारत नाही. खायाले काय देतात! तर घ्या ऐकून एकदाचं. पुठ्ठ्याचा डबा देतात. जोड्यांच्या दुकानात मिळतो तसला, त्याहून जरा लहान. आत थंडगार पाव, आणि वर कागदाच्या पेल्यात चहा. झालं समाधान?

नाही होत, मला माहीत आहे. कारण नऊ वर्षांपूर्वी याच कचेरीत मी विमानातल्या नाश्त्याचं असं वर्णन केलं होतं की ते ऐकून हेडक्लार्कनं त्या दिवशी घरचा डबा उघडला नव्हता. तेच लोक आता डोळे मिचकावून म्हणतात, ‘वानखडे, तुमी तवा थापा मारल्या राजेहो.’ थापा! माझं डोकं इथंच फिरतं. म्हणून दोन्ही खेपांची हकीकत लिहून काढतो आहे. विमानात न बसलेल्यांनी ती मुद्दाम वाचावी. पण आधी थोडं गावाबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय मी एका कपासाठी एवढा का भांडलो ते कळणार नाही.

गाव

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसलं की काही थांब्यांवर आमचं गाव. माझी माय गिरजा तिथंच राहते. मी अकोल्याला खोली घेतली, लग्न केलं, दर सुट्टीत ‘चाल माय’ म्हणून तिचा हात धरून ओढलं, पण ती हलत नाही. ‘तुही नोकरी तुले, माही येचनी मले,’ म्हणते. कापूस वेचण्यात तिची बरोबरी करणारी बाई आमच्या भागात नाही. आणि वेचते ती देशमुखांच्या वावरात.

देशमुखांकडच्या मालकीणबाई तिला कामाच्या दिवशी दुपारी चहा देतात. चहा चांगला दुधाचा असतो. तो देतात गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या कपात. कपाला कान नाही. माय तो कोनाड्यातून काढते आणि पुढं धरते, मालकीणबाई वरून चहा ओततात. पिऊन झाला की त्या वरून पाणी ओततात, माय कप विसळते आणि परत कोनाड्यात पालथा घालते. मी शाळेत होतो तेव्हा तो कप तिथं होता. कॉलेजात गेलो तेव्हाही होता. आम्ही दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, गावकीची कामं टाकून दिली, तरी कप कोनाड्यातच.

‘तो कप फोडून टाक,’ मी म्हणायचो.

‘फोडला तं मंग पिऊ कायच्यात? वंजळीत?’

‘पिऊच नको.’

‘एक दिवस उन्हात येचून पाय बाबू, मंग सांग मले पिऊ नको म्हनून.’

यावर माझा आवाज चढायचा. ही माझी खोडच आहे. मग ती चुलीपुढं बसायची आणि मी अंगणात येरझारा घालायचो. कितीतरी सुट्ट्या आमच्या अशा वाया गेल्या.

नागपूर, पहिली खेप

दीक्षेच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. वऱ्हाड नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि कचेऱ्यांची दप्तरं नागपूरहून मुंबईला हलत होती. बियाण्यांची एक जुनी फाईल नागपूरला अडकली होती, ती शोधायला आमचे साहेब मला घेऊन गेले. फाईल सापडली त्याच संध्याकाळी मुंबईहून तार आली की उद्या दुपारच्या बैठकीत ती पाहिजेच. रेल्वेनं पोचणं शक्य नव्हतं. साहेबांनी धावपळ करून विमानाचं तिकीट मिळवलं, आणि सकाळी पाहतो तर साहेब हुडहुडी भरून पडलेले. दोन कांबळ्यांखालून हात काढून त्यांनी फाईल माझ्याकडं दिली. ‘वानखडे, तुम्ही जा. आणि तिथं काही सांडू नका,’ एवढंच म्हणाले.

डाकोटा विमान शेपटीकडं बसकं असतं, त्यामुळं आत शिरल्यावर चढ चढून खुर्ची गाठावी लागते. मी फाईल छातीशी धरून चढलो. बसतो न बसतो तोच हवाईसुंदरी तबक घेऊन आली. तबकात लिमलेटच्या गोळ्या, आणि शेजारी कापसाचे बोळे. कापूस पाहिल्यावर माझ्यातला शेतकी खात्याचा माणूस जागा झाला. मी एक बोळा उचलून दोन बोटांत ताणून पाहिला. धागा आखूड होता, बहुतेक आमच्याच भागातला. ती बाई हसू दाबून म्हणाली, ‘तो कानात घालायचा असतो.’

मग नाश्ता आला. केस पिकलेला, पितळी बटणांचा पांढरा कोट घातलेला एक स्टुअर्ड होता, तो वाकून एकेकाला वाढत होता. तबकावर कडक इस्त्रीचं कापड, हाताला जड लागणारे चमचे, झाकणाखाली वाफ धरलेलं ऑम्लेट, घडीच्या रुमालात गुंडाळलेले भाजलेले पाव, लोण्याच्या गुंडाळ्या, संत्र्याचा मुरंबा. आणि निळ्या रेघेचा चिनीमातीचा कप, बशीसकट. त्यानं उंच चोचीच्या किटलीतून कॉफी ओतली ती कपाला किटली जवळजवळ टेकवून. माझ्या शेजारी एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्यापुढं आणि माझ्यापुढं अगदी एकसारखा कप. मी दोन्ही नीट पाहून घेतले. दोन्हींना कान होते.

आता पुढचं सांगायची लाज वाटते, पण सांगतो. कॉफी पिऊन झाली आणि मी कप उचलून उठलो. मागं हात धुवायची जागा होती, तिकडं निघालो. पदवीधर माणूस, सरकारी नोकर, काखेत सरकारी फाईल, आणि मी आपला उष्टा कप विसळायला चाललो होतो! कोणी सांगितलं नव्हतं. हातच चालले होते. त्या म्हाताऱ्या स्टुअर्डनं मला वाटेतच गाठलं. दोन्ही हातांनी माझ्या हातातला कप घेतला आणि हळूच म्हणाला, ‘साहेब, राहू द्या. हे आमचं काम आहे.’ त्याला काय कळलं आणि काय नाही, मला माहीत नाही. मी जागेवर येऊन खिडकीबाहेर पाहत बसलो आणि मुंबई येईपर्यंत मान वळवली नाही.

गावी गेल्यावर मी हे सगळं मायला सांगितलं. ऑम्लेट तिनं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. कपावर मात्र अडून बसली.

‘कान होता कपाले?’

‘होता.’

‘अन् तुया हातातून घेतला त्यानं? उष्टा?’

‘दोन्ही हातांनी घेतला, माय.’

‘इसळू नाई देल्ला?’

‘नाही दिला.’

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, ‘पुन्नाक सांग.’ मी पुन्हा सांगितलं. त्यानंतर नऊ वर्षं मी गावी गेलो की ती शेजारणींना बोलावून आणायची आणि म्हणायची, ‘त्या कपाचं सांग रे.’ आणि मी प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचो, ‘माय, तुले एक दिवस विमानात बसवीन. तुझ्याही हातातून तसाच घेतील.’ हे मी तिला वचन दिलं होतं. ते पाळायला मला नऊ वर्षं लागली.

मधली वर्षं

आमच्या साहेबांना त्यानंतर वर्षातून एकदा तरी विमान घडायचं. परत आले की मी खोदून खोदून विचारायचो आणि ते चिडून सांगायचे. एका वर्षी म्हणाले, कापडाचे रुमाल गेले, कागदाचे आले. मग चमचे इतके हलके झाले की फुंकरीनं उडतील. मग ऑम्लेटच्या जागी उकडलेलं अंडं, मग अंड्याच्या जागी नुसता पाव. ‘उतारू वाढले आहेत वानखडे, त्यांना वेळ नाही,’ असं ते म्हणायचे. वेळ नाही म्हणजे काय? विमानात बसलेला माणूस जाणार कुठं? मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, काय काढायचं ते काढा, तो कप तेवढा ठेवा.

नागपूर, दुसरी खेप

मुंबईला माझा धाकटा भाऊ गोदीत कामाला आहे. त्याला मुलगा झाला, नाव ठेवायला या म्हणून पत्र आलं. मी मायला म्हटलं, ‘जाताना विमानानं जाऊ, येताना रेल्वेनं.’ ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. तिनं लगेच ट्रंकेतून पांढरं लुगडं काढलं, दीक्षेच्या दिवशीचं.

नागपूरच्या विमानतळावर बाकावर बसलो तेव्हा तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. आत कापूस होता, सरकी काढून हातानं पिंजलेला, दुधासारखा. ‘कानात घालाले लागते ना? म्या आनला. त्यायचा कसा रायते काय मालूम.’ मी तोही ताणून पाहिला. धागा लांब होता. माझ्या खात्यानं दिलेल्या बियाण्याचा, देशमुखांच्या वावरातला, तिनं वेचलेला. मला इतका आनंद झाला की मी दोन बाकांपलीकडच्या माणसाकडं पाहून उगाच हसलो.

ती चूक झाली. गृहस्थ उठून जवळ आले. रेशमी फेटा, बोटात हिऱ्याची अंगठी. अमरावतीला त्यांचा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायचा, कारखाना होता, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं.

‘गाव कोनतं म्हनलं?’

मी सांगितलं.

‘आडनाव?’

‘वानखडे.’

‘हाव का! आमचे व्याही वानखडेच. लय मोठी शेती. तुमी कोनते वानखडे?’

बाहेरच्या वाचकांना हा प्रश्न कळणार नाही, म्हणून सांगतो. वऱ्हाडात वानखडे कुणबीही असतात आणि आमच्यातही असतात. आडनावावरून कळत नाही, म्हणून ‘कोणते’ विचारायचं. गाव विचारतात, आडनाव विचारतात, पाव्हणे विचारतात, आणि शेवटी इथं येऊन थांबतात. विमानतळाच्या फरशीवर, डोक्यावर पंखा गरगरत असताना सुद्धा.

‘बौद्ध,’ मी म्हणालो.

‘असं असं,’ गृहस्थ म्हणाले. मग त्यांना आठवलं की वर्तमानपत्र वाचायचं राहिलं आहे. ते आपल्या बाकावर परत गेले.

‘काय म्हने तो?’ मायनं विचारलं.

‘काही नाही. त्याचा व्याही वानखडे आहे.’

ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. तिला समजलं होतं.

वऱ्हाडावरून

विमान नवं होतं. आता चढ चढावा लागत नाही, आवाजही शिट्टीसारखा येतो. आम्हाला शेवटची रांग मिळाली. माय खिडकीशी, मी तिच्याशेजारी, आणि मधल्या वाटेपलीकडं कोण, तर अंगठीवाले! नशिबाला तरी काय म्हणावं. त्यांनी एकदा आमच्याकडं पाहिलं, पुढच्या रांगांकडं पाहिलं, जागा रिकामी नाही हे पाहिलं आणि मग बसले.

माय दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून होती. जमीन सुटली तशी म्हणाली, ‘बाप्पा!’ आणि मग बराच वेळ कपाळ काचेला लावून बसली. मी वाट पाहत होतो तबकाची. गोळ्यांचं तबक आलं नाही. कापूस आला नाही. हवाईसुंदरी आली ती लगबगीनं, कडेवर डब्यांची चळत घेऊन, आणि बसच्या कंडक्टरनं तिकिटं फाडून द्यावीत तसे उजव्या-डाव्या हाताला डबे देत सुटली. मायच्या मांडीवर एक पडला. हो, पडला. ती माझ्यावरून हात लांब करून टाकून पुढं निघालीसुद्धा.

मी डबा उघडला. पावाच्या दोन कापा, मध्ये काहीतरी हिरवं पुसलेलं. एक केळं. एक कोरड्या केकचा तुकडा. पुडीत मीठ. हे मीठ कशावर घालायचं, केळ्यावर?

‘बाई,’ मी हाक मारली. ‘प्लेट नाही?’

‘अब यही है,’ ती वळून म्हणाली.

‘पूर्वी प्लेट असायची. कप-बशी असायची. वाढायचे.’

‘पहले होगा, साहब.’

पहले होगा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं मी या बाईच्या भरवशावर माझ्या म्हाताऱ्या मायला स्वप्न दाखवलं, आणि ही म्हणते पहले होगा. मी चांगले चार शब्द सुनावणार होतो, पण मायनं माझी बाही ओढली. ‘काऊन भांडतं रे? केळं गोड हाये.’ तिनं केळं खाल्लं, पाव हुंगून बाजूला ठेवला आणि केकचा तुकडा नातवासाठी रुमालात बांधला. मग मला खिडकीपाशी वाकवून विचारलं, ‘ते काळं काळं काय दिसते?’

‘वावरं. आपला वऱ्हाड तो.’

‘आपलं गाव?’

‘असेल इथंच कुठं. छोट्या गाडीचा रूळ दिसतो का पाय.’

‘अन् देशमुखाचं वावर?’

मी खूप पाहिलं. मला काहीच ओळखू येईना, तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘येवढं शिकला अन् वावर वळखू येत नाई,’ आणि पुन्हा काचेला कपाळ लावलं.

मग चहा आला, मेणकागदाच्या पेल्यांत. मी घेतला नाही. ‘मला नको,’ असं जरा मोठ्यानंच म्हटलं, म्हणजे कोणाला तरी लागावं. कोणाला काही लागलं नाही. मायनं मात्र पेला दोन्ही हातांत धरला, फुंकून फुंकून प्याली, शेवटचा थेंबही राहू दिला नाही. आणि पिऊन झाल्यावर ताठ बसली. पदर सारखा केला. रिकामा पेला दोन्ही हातांनी समोर धरून बसली. मला कळलं ती कशासाठी बसली आहे. मी तिला नऊ वर्षं तेच सांगितलं होतं ना. दोन्ही हातांनी घेतात, माय.

एक तरणा स्टुअर्ड मागून आला. हातात तागाची पिशवी. गोळा करायची सुरुवात शेवटच्या रांगेपासून, म्हणजे आमच्यापासून. त्यानं मायच्या हातातून पेला एका चिमटीत उचलला, मुठीत चुरडला आणि पिशवीत टाकला.

मायचे हात तसेच राहिले. रिकामे, समोर धरलेले. मग तिनं ते हळूहळू पदराखाली घेतले. आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, ‘तुले साहेब समजले तवा. मले वळखलं त्याईनं.’

मी पलीकडं पाहिलं. अंगठीवाल्यांच्या हातात त्यांचा पेला शाबूत होता. ते सावकाश चहा पीत होते.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला खरंच वाटलं की यानं सांगितलं. या माणसानं हळूच कोणाला तरी सांगितलं की मागं कोण बसलं आहे, आणि म्हणून माझ्या मायचा पेला चुरडला. तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभा राहिलो. डोकं वरच्या फळीला आपटलं, तेही कळलं नाही.

‘थांब!’ मी ओरडलो. ‘तिचाच पेला का फेकला? सांग! कोणी सांगितलं तुला? काय पाहिलंस तू तिच्यात?’

सगळं विमान वळून पाहायला लागलं. पुढं कोणाचं तरी मूल रडायला लागलं. तो स्टुअर्ड बिचारा पिशवी धरून उभा. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

‘साहब, क्या हुआ?’

‘इनका कप क्यों फेंका?’

‘कागज का है, साहब. सबका फेंकते हैं.’ आणि मी अजून उभाच आहे हे पाहून तो वळला. ‘आपका हो गया, सेठ?’

अंगठीवाल्यांनी घाईनं शेवटचा घोट घेतला आणि पेला पुढं केला. त्यानं तो मुठीत घेतला. चुर्र. पिशवीत. मायच्या पेल्यावर.

माय माझ्या कोपरावरून वाकून पाहत होती.

‘त्याचाबी?’

‘त्याचाबी, माय.’

‘त्या समोरच्याचा?’

‘त्याचाही. बघ ना.’

ती चक्क उभी राहिली. पुढच्या खुर्चीची पाठ धरून, पिशवी प्रत्येक रांगेपाशी थांबत थांबत पुढं जाताना पाहत राहिली. एक टोपीवाला, एक चष्म्याची बाई, एक लष्करातला माणूस, दोन सुटवाले. सगळ्यांचे उष्टे पेले एका पिशवीत. ती खाली बसली आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझ्या मायला मी एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मी मात्र हसू शकलो नाही. मला त्या पोराची माफी मागायला हवी होती, ती मी मागितली, आणि तो ‘कोई बात नहीं’ म्हणाला. पण राग कुठं जातो? मी अंगठीवाल्यावर चिडलो होतो, त्यानं काही केलं नव्हतं. कंपनीवर चिडलो होतो, तिनं पैसे वाचवायला कागद आणला होता, बाकी तिला काही ठाऊक नव्हतं. चिडायचं कोणावर? त्या कोनाड्यावर चिडायचं, जो आम्ही दोघं विमानात बरोबर घेऊन बसलो होतो. शिकून, साहेब होऊन, नऊ वर्षं लोटून, एक कागद चुरडल्याचा आवाज झाला तरी माझ्या मनात पहिल्यांदा तोच कोनाडा यावा, याचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

विमान खाली उतरायला लागलं तसे कान दुखायला लागले. मायनं गाठ सोडली, दोन बोळे मला दिले, दोन स्वतः घेतले. अंगठीवाले दोन्ही कान दाबून, तोंड वाकडं करून बसले होते. मायनं मला न विचारता माझ्यापुढून हात काढून त्यांच्यापुढं कापूस धरला.

‘घ्या दादा. कानात घाला. बरं वाटते.’

ते तिच्या हाताकडं पाहत राहिले. ‘नको, नको,’ म्हणाले, ‘चालते.’ जन्मभर आमच्या बायांनी वेचलेल्या कापसावर जिनिंग चालवलं, आणि दोन बोळे नको! मायनं खांदा उडवला आणि कापूस परत बांधून ठेवला. ते मुंबईपर्यंत कान धरून कण्हत होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुन्हा गाव

मुंबईचं काय लिहू? पोराचं नाव ठेवलं, समुद्र पाहिला, रेल्वेनं परत आलो. मायला पोचवायला मी गावी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मालकीणबाईंचं बोलावणं आलं, गिरजा विमानात बसून आली म्हणतात, तर तिला पाठवा, आणि बाबूलेही या म्हणावं. मला जायचं नव्हतं. माय म्हणाली, ‘चाल. तुई गाडी जाले अजून टाइम हाये.’

मी सरकारी माणूस, म्हणून माझ्यासाठी ओट्यावर खुर्ची टाकली होती. माय खाली अंगणात बसली. चहा आला. मला कप-बशीत, नक्षीच्या कपात. मायनं सवयीनं गोठ्याकडं जाऊन कोनाड्यातला कप काढून आणला. मालकीणबाईंनी वरून ओतला.

‘सांग वं गिरजे. काय काय पायलं?’

माझ्या कपाला मी हात लावला नाही. माय मात्र सावकाश, घुटके घेत प्याली, आणि सगळं सांगितलं. शिट्टीसारखा आवाज, काळी वावरं, पुठ्ठ्याचा डबा, गोड केळं. कपाचं काही बोलली नाही. चहा संपला तशी ती उठली. मालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन विसळायला पाणी ओतायला पुढं झाल्या. माय त्यांच्यासमोरून पुढं गेली, गोठ्यावरून पुढं गेली, उकिरड्यापाशी थांबली, आणि हातातला कप खाली टाकला. खाली धोंडा होता. कपाचे तुकडे झाले.

‘अवं, हे काय केलं तुनं?’ मालकीणबाई तांब्या धरून तशाच उभ्या.

‘इमानात असंच करतात, बाई,’ माय पदराला हात पुसत आली. ‘पिलं की फेकतात. कोनाचाबी असो.’

‘अवं पन आता उद्या तुले चहा द्याचा कायच्यात मी?’

माय ओट्यापाशी आली. माझ्यापुढचा भरलेला कप तिनं पाहिला. मग त्यांच्याकडं वळली.

‘तुमी पेता त्याच्यात द्या,’ ती म्हणाली. ‘नाईतं देऊ नका.’